मूठ होते का?

तीन मोडके हात एका खोलीत तासभर बसवले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. बांधावर तण येतं तसे येतात. हात मेणात बुडवलेला असतो, उठता येत नाही, तंबाखू मळता येत नाही, तोंड तेवढं मोकळं राहतं. मी तसा बोलणारा माणूस नाही. घरातही चार शब्दांत भागवतो. पण ऐकायला कुणी बंदी केली नव्हती. तीन महिने ऐकलं. काही माझ्याबाबतीतही घडलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेवढ्यात बसेल तसं लिहितो.

खोली औंढ्यात, बसस्टँडमागच्या गल्लीत. खाली खताचं दुकान, वर ही व्यायामाची खोली. एक पलंग, मेण वितळवायचं भांडं आणि टेबलावर लेकरांची खेळणी वाटावीत अशा वस्तू. चेंडू, चिमटे, मऊ लगदा. चालवणाऱ्या मॅडम नांदेडला शिकलेल्या, वयानं माझ्या नातीएवढ्या. आठवड्यातून तीन दिवस आम्ही तिघं एकाच वेळेला असायचो. मी, खालेदभाई शिंपी आणि कुरुंद्याची कुंताबाई. तिघांचाही उजवा हात मनगटात मोडलेला. प्लास्टर निघालं होतं. हाड जुळलं होतं. हात मात्र कुणाचाच परत आला नव्हता.

*

पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच विचारतात. कसा मोडला?

खालेदभाई म्हणाले, स्कूटरवर होतो, समोर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. कुंताबाई म्हणाली, हळदीचं पोतं अंगावर आलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, बैलानं मारलं.

खालेदभाई जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मशीन घेऊन बसतात. आमचं गाव तिथून आत. त्यांना गावातली सगळी खबर असते. ते म्हणाले, "बाबा, तुमचे बैल तर दोन साल झाले इकून."

मी म्हणालो, "दुसऱ्याच्या बैलानं मारलं."

पुढं सवय झाली, ओळख वाढली, तेव्हा एकेक खरं बाहेर आलं. खालेदभाईंची स्कूटर खरी होती, पण स्टँडवर उभी होती. तिच्यावर बसून ते फोनवर बोलत होते. रोही आलाच नव्हता. कुंताबाई न्हाणीत घसरली. आणि मी उन्हाळ्यात एका लग्नात जेवून प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकलो होतो, तिचा पाय फाकला. सत्तर वर्षांत कुठल्या बैलाची हिंमत झाली नाही. खुर्चीची झाली.

*

आता मुठीचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिल्या दिवशी मॅडम खाली मान घालून कागद भरत होत्या. माझा हात उपरण्याखाली झाकलेला. वय विचारलं, सांगितलं. दुखतं का, दुखतं. मग विचारलं, "मूठ होते का, बाबा?"

मी म्हणालो, "व्हते. चाळीस सालापासून."

त्यांनी लिहिलं, मूठ होते. चाळीस साल कुठून आलं हे त्यांनी विचारलं नाही. मग उपरणं उचलून हात पाहिला. सुजलेला, लाकडाच्या पळीसारखा. बोटं अर्ध्यात थांबलेली. म्हणाल्या, "बाबा, डॉक्टरपासून लपवायचं नसतं. खोटं काहून सांगितलं?"

मी खोटं बोलत नाही. मला कुणी खोटारडा म्हटलेलं नाही. मी त्या दिवशी आणि पुढच्या खेपेला एक शब्द बोललो नाही. सांगतील तो व्यायाम केला, उठलो, बस धरली.

शेवटी खालेदभाईंनी मॅडमना समजावलं. आमच्याकडं मूठ म्हणजे पेरणीची मूठ. तिफणीवर एक लाकडी वाटी असते, तिला चाडं म्हणतात. वाटीच्या बुडाला तीन भोकं, त्यातून नळ्यांनी बी जमिनीत जातं. चाड्यावर हात धरून चालायचं आणि मुठीतलं बी बोटांच्या फटीतून सारखं सोडत राहायचं. जास्त सुटलं तर दाट येतं, कमी सुटलं तर रान बोडकं राहतं. ती मूठ सगळ्यांच्या हाताला नसते. माझ्या हाताला होती. म्हणून मी 'व्हते' म्हणालो.

आणि मला ती परत पाहिजे होती. आमचं खालचं रान आता ट्रॅक्टरनं पेरतात. पण वर माळावर दीड एकर आहे, उताराचं, दगडाचं. तिथं ट्रॅक्टर चढत नाही. पुतण्या भास्करची बैलजोडी जाते. तिथली ज्वारी दसऱ्यानंतर तिफणीनंच पेरतात आणि मूठ माझी असते. भास्कर म्हणाला होता, काका, या साली शेजारच्या गावचा माणूस बोलावू. मी पाच लोकांसमोर सांगितलं, दसऱ्यापर्यंत हात होईल. बोललो ते बोललो.

मॅडमनी हे ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला घरून डब्यात ज्वारी आणली. म्हणाल्या, दाखवा. मी दाणे घेतले. मुठीत एक राहिला नाही, सगळे टेबलावर सांडले. कुणी हसलं नाही. कुंताबाईनं खाली वाकून एकेक दाणा वेचला, डाव्या हातानं.

कागदावरचं 'मूठ होते' मॅडमनी खोडलं नाही. पुढं कंसात एक शब्द लिहिला: 'पेरणीची'.

*

हात लटकता ठेवायचा नाही, असं मॅडमनी बजावलेलं. लटकवला की उतरलेली सूज परत चढते. हात छातीच्या वर पाहिजे, चालतानासुद्धा.

मी सांगितलेलं करणारा माणूस आहे. खोलीपासून बसस्टँडपर्यंत मी उजवा हात वर धरून जायचो. तळवा समोर, बोटं जरा वाकलेली. वळत नव्हताच, त्यामुळं तो तसाच राहायचा. कमरेला पांढरं धोतर, डोक्याला पटका, दाढी वाढलेली, कारण डाव्या हातानं मला दाढी करता येत नव्हती.

एका सोमवारी नागनाथाच्या दर्शनाला बाहेरगावची गाडी आली होती. त्यातली एक बाई मला पाहून थांबली. पदर सारखा केला आणि पाया पडली. तिच्या मागं तिची सून. सुनेमागं आणखी चौघी. रस्त्यात रांग लागली.

मी आशीर्वाद दिले. दुसरं काय करणार? हात खाली घेतला असता तर सूज आली असती.

*

मनगट मोडलं की मूठ जाते ते दिसतं. दुसरं एक जातं ते दिसत नाही. तळवा वर होत नाही. पालथा हात पालथाच राहतो. देवळात तीर्थ घेता येत नाही, तोंड धुवायला ओंजळ होत नाही. सकाळी चूळ भरायची तर तांब्या तोंडाला लावावा लागतो. माणूस जनावरासारखा पाणी पितो.

मॅडमनी माझा कोपर कुशीला दाबून धरला आणि म्हणाल्या, "आता हात पसरा, बाबा."

मी हात मागं घेतला. म्हणालो, "म्या आजवर कुणापुढं हात पसरला न्हाई."

त्या म्हणाल्या, अहो, व्यायाम आहे. मी म्हणालो, असेल. दुसरं नाव काढा.

खालेदभाई लगदा दाबत बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, बाबाला जबरदस्ती करू नका. पहिलं इमानामुळं पसरत नव्हता. आता हाडामुळं पसरत न्हाई. बराबरच हाय."

तेव्हापासून मॅडम मला 'आरसा बघा' म्हणायच्या. तळहाताचा आरसा. हाताची बाजू दिसण्यापासून पुरा तळवा दिसेपर्यंत सात आठवडे लागले. पुरा दिसला तेव्हा पाहिलं, घट्टे गेले होते. बाईच्या हातासारखा मऊ तळवा. मी तो लगेच पालथा केला.

*

कुंताबाईचं घर हळदीचं. हळद शिजवायची, वाळवायची, घासायची, यात बाईचं आयुष्य गेलं. दोन्ही हात पिवळे. प्लास्टर निघालं तेव्हा उजवा हात पांढरा निघाला, तर ती घाबरली. म्हणाली, हा माझा न्हाई.

प्लास्टर घालताना दवाखान्यात उजव्या हाताच्या बांगड्या फोडाव्या लागल्या होत्या. ते तिच्या मनाला लागलं होतं. प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सुजल्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, साबण लावून, रडत. त्या तशाच घालून ती खोलीत आली. मॅडमना मनगट किती वाकतं तो कोन मोजायचा होता. बांगड्या काढा म्हणाल्या. कुंताबाई म्हणाली, काढणार न्हाई, नवरा जिता हाय माझा.

नवरा जिन्यात बसलेला असायचा. दर खेपेला सोबत यायचा, वर कधी यायचा नाही. मॅडमनी दारात जाऊन त्यालाच विचारलं. तो जागचा हलला नाही. म्हणाला, "काढू द्या. मी हितंच हाव. मला काही व्हायलं तर आवाज देतो."

बांगड्या निघाल्या. पण भुईवर ठेवायच्या नाहीत म्हणून तिनं त्या नवऱ्याच्या हातात दिल्या. तो तासभर जिन्यात हिरव्या बांगड्या धरून बसला. खतवाल्याकडं आलेल्या दोन बाया वर चढल्या आणि त्याला विचारलं, "दादा, भरून बी देता का?"

*

सहाव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, रोज सकाळी कणीक मळा. भाकरीचं पीठ असलं तरी चालेल. हाताच्या टाचेनं दाबायचं, बोटांनी ओढायचं. याच्यासारखा व्यायाम नाही.

मी विचारलं, याच्याऐवजी माती मळली तर? त्या म्हणाल्या, माती थंड, पीठ कोमट पाण्यानं मळलेलं पाहिजे.

घरी सांगितलं नाही. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी भास्करच्या फोनवर फोन केला आणि तो घरचीनं घेतला. झालं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर परात आली. मी म्हणालो, आधी दार लाव.

दार लावलं. कडीही लावली. मी पीठ मळलं. आधी दोन मिनिटांत दम लागायचा, मनगटातून कळ कोपरापर्यंत जायची. घरची चुलीजवळ बसून पाहायची. मी मळलेलं घ्यायची आणि भाकऱ्या थापायची. असे आठ-दहा दिवस गेले. मग एका सकाळी दार वाजलं, शेजारीण विरजण मागायला आलेली. मी परात खाटेखाली सरकवली आणि पिठाचा हात पाठीमागं धरून उभा राहिलो. शेजारीण गेली. पुढं गावात कुणी काही बोललं नाही, तेव्हा वाटलं, वाचलो.

त्या दिवशी भाकरी वाढताना घरची म्हणाली, "पीठ चांगलं मळून राहिले तुम्ही."

मी भाकरी मोडली.

ती म्हणाली, "हाच हात चाळीस साल आधी मोडला असता तर..."

*

खालेदभाई हसवायचे, पण आतून सगळ्यात जास्त तेच भ्यालेले होते. कात्री अंगठ्याच्या जोरावर चालते आणि त्यांचा अंगठा उघडायचा, मिटायचा नाही. शेरवानी कापणारा माणूस. पोरगा दुकानात तयार कपडे ठेवू या म्हणत होता. ते म्हणायचे, "बाबा, तयार कपडे ठेवले तर मी कोण? दुकानाचा चौकीदार?"

मॅडमनी त्यांना कागद कापायला सांगितलं. आधी लहान कात्री, मग मोठी. त्यांनी घरातले सगळे जुने पेपर कापले. मग कॅलेंडर कापलं. खोलीत येऊनही हात शिवशिवायचा. समोर दिसेल तो कागद घ्यायचे.

एक दिवस मॅडम रोजची वही शोधत होत्या. कोण कधी यायचं, कुणाचा कोन किती, सगळं तिच्यात. वही सापडली. पण चालू महिन्याचं पान नव्हतं. खालेदभाई कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले. मॅडमनी त्यांच्या मांडीवरचा कागद उचलला. गोल वळणाचा तुकडा, कडा एकसारखी, कुठं दात नाही, झोल नाही. त्यावर माझंच नाव होतं, अर्धं.

मॅडम रागावायच्या आत खालेदभाई उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "मॅडम, फेकू नका. कॉलर हाय. पुरी कॉलर."

मॅडमनी ती भिंतीला चिकटवली. आमच्या तारखा पुढं महिनाभर कुणालाच माहीत नव्हत्या. आम्ही तिघंही रोज जायचो.

*

मॅडमनी मला घरी करायला ज्वारीचाच व्यायाम दिला होता. मूठभर दाणे घ्यायचे, मूठ वर धरायची, मनात आकडे म्हणायचे आणि प्रत्येक आकड्याला थोडे दाणे डब्यात सोडायचे. सकाळी बोटं सगळ्यात ताठ असतात, म्हणून सकाळीच.

मी ओट्यावर बसायचो. ओट्यासमोर शेषरावचं घर. शेषराव म्हणजे आमचा बांधशेजारी. दोन साल ट्रॅक्टर घालताना त्यानं आमचा बांध थोडा थोडा खाल्ला होता. मी एकदा सांगितलं, तो ऐकला नाही. मग मी बोलणं बंद केलं. वर्ष झालं होतं.

त्याच्या बायकोनं काय पाहिलं? म्हातारा सूर्य उगवायला ओट्यावर बसतो, त्यांच्या दाराकडं तोंड करून. मूठ वर धरतो. ओठ हलवतो. आणि दाणे सोडतो. रोज.

चौथ्या दिवशी त्यांच्या म्हशीनं दूध कमी दिलं. गावात कुजबुज झाली, बाबा मूठ मारून राहिला. मूठ मारणं म्हणजे करणी, मंतरलेले दाणे वैऱ्यावर सोडायचे. असलं काही नसतं. दाणे घरचे होते आणि बोटं उघडत नव्हती, एवढंच. पण मला कुणी विचारलं नाही आणि न विचारता मी सांगत नाही.

सातव्या दिवशी शेषराव आला. ओट्याखाली उभा राहिला, वर चढला नाही. म्हणाला, "बाबा, बांधाचे दगड मी सरकवून देतो. तेवढं हे बंद करा."

मी म्हणालो, "बंद करता येत न्हाई. मॅडमनं तीन महिने सांगितलं हाय."

"कोन मॅडम?"

"औंढ्याची."

तो तडक रानात गेला. संध्याकाळी जाऊन पाहिलं, दगड जागेवर होते. हातभर जास्तच सरकले होते.

*

शेवटचा किस्सा खोलीतला नाही. तो मी तिथं सांगितलाही नाही.

दसऱ्याच्या आधी मॅडमनी मला एकट्याला बसवलं. पकड मोजायचं मशीन हातात दिलं. मी दाबलं. त्यांनी डाव्या हातानंही दाबायला लावलं. मग म्हणाल्या, "बाबा, तुम्ही खूप केलं. सगळ्यांपेक्षा जास्त. पण हात पहिल्यासारखा पुरा होणार नाही. घास घेता येईल, बटण लावता येईल, काठी धरता येईल. चाड्यावरचं मला सांगता येत नाही. मी ते कधी पाहिलंच नाही."

खरं बोलल्या. मी नमस्कार केला आणि बस धरली. बसमध्ये बसायला जागा होती तरी उभा राहिलो, उजव्या हातानं दांडा धरून. गाव येईपर्यंत सोडला नाही.

माळाला वाफसा आला, ओल पेरण्याजोगी झाली. भास्करनं तिफण जुंपली. मी बियाचं फडकं गळ्यात अडकवलं आणि चाड्यावर हात ठेवला. मागं घरची होती. तिफणीला मागं दोरीनं एक सुटी नळी बांधतात, तिला सरता म्हणतात. तिच्यातून ज्वारीत करडईची ओळ पेरतात. आमच्याकडं चाड्यावर पुरुष आणि सरत्यावर बाई. लग्न झाल्यापासून ती दर साली माझ्यामागं सरता धरून चालत आली.

पहिलं तास, म्हणजे तिफणीची एक ओळ, बरं गेलं. दुसरंही. तिसऱ्या तासाला बोटांत मुंग्या आल्या. चौथ्याला मूठ मिटत होती, उघडत नव्हती. उघडली की भसकन उघडायची. दाणे चाड्यात पडल्याचा एक आवाज असतो, सारखा, बारीक. तो तुटून राहिला होता. भास्कर बैलांकडं पाहत होता, त्याला कळलं नाही. कळलं असलं तरी त्यानं मान वळवली नाही.

पाचवं तास वर जाऊन वळलो, तेव्हा घरची म्हणाली, "भास्कर, बैलं धर."

बैल थांबले. ती माझ्यासमोर आली. माझ्या गळ्यातलं फडकं काढून तिनं स्वतःच्या कमरेला बांधलं. पदर खोचला. मला म्हणाली, "सरता धरा. डाव्या हातानं जमतंय."

मी तिच्याकडं पाहिलं. या माळावर मला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं. वारा होता. खाली रस्त्यावरून एक जीप गेली. मी विचारलं, "कधी शिकलीस?"

ती म्हणाली, "चाळीस साल मागून पाहून राहिले."

मी सरता धरला.

ती पुढं, मी मागं. मला तिचा हात दिसत नव्हता, कोपर दिसत होता. तो हलत नव्हता. चाड्यातला आवाज एकदा सुरू झाला तो तास संपेपर्यंत तुटला नाही. करडई टाकताना माझीच मूठ दोन-तीनदा चुकली. ती मागं न पाहता म्हणाली, "दाट पडून राहिली." तिसऱ्या प्रहरी रान झालं.

आठ दिवसांनी उगवलं. पहिली पाच तासं कुठं दाट, कुठं बोडकी. त्यापुढं सगळं रान दोरी धरल्यासारखं.

माळाखाली दिगंबरची जमीन आहे. तो येता-जाता पाहत होता. एक दिवस घरी आला, ओट्यावर बसला. घरची आत उंबऱ्याजवळ शेंगा सोलत होती. दिगंबर म्हणाला, बाबा, आधी हात अडकला जरा, पण पुढं मूठ काय धरली. तुमच्या तरण्या वयातबी असं रान उगवलेलं न्हाई पाहिलं. आमच्याबी रानाला पुढच्या साली मूठ तुमचीच पाहिजे.

मी गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. आतला सोलण्याचा आवाजही थांबला होता.

मग मी म्हणालो, "दिगंबर, ती मूठ माझी न्हाई. तिला इचार."

दिगंबर हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतो. मी थट्टा करत नाही हे आठवून त्याचं हसू थांबलं. त्यानं उंबऱ्याकडं पाहिलं.

घरचीनं मान वर केली नाही. पुढची शेंग घेतली, सोलली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "येते की, भाऊ. सरत्याला माणूस माझा मी आणीन."